रस कोण करणार? : एका मंडळीतले निरोपाचे सहा आठवडे

आमच्या विभागातल्या एखाद्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांचा, सेवक बदलून जाणार असला की मी त्याला एक यादी पाठवतो. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यादीशिवाय चैन पडत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं, सभेची इतिवृत्तं, रोकडवही, पासबुक, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची) भांडी, हार्मोनियम नग एक, सतरंज्या, किल्ल्या. एकूण २२ बाबी. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही झाली की चार्ज झाला, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

या प्रकरणात त्या २२ बाबी एका दुपारी उरकल्या. बाकीचे जवळजवळ सहा आठवडे कशात गेले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिट्यांनी वाचावं ही अपेक्षा. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. वेंगुर्ले तालुका, आणि पावसात झोपल्यावर समुद्र ऐकू येतो इतक्या अंतरावरचं गाव, एवढं पुरे.

माणसं आणि जागा

कोकणच्या किनाऱ्याला मिशनरी जोडपी नवीन नाहीत. स्कॉटिश मिशनची माणसं १८२३ मध्ये बाणकोटला आली, पुढे हर्णैला गेली. १८२९ मध्ये आलेल्या जॉन आणि मार्गारेट विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले. जॉनसाहेबांचं नाव मुंबईतल्या कॉलेजावर आहे. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या मार्गारेटबाईंचं नाव मात्र आमच्या मंडळ्यांतही फारसं कोणाला ठाऊक नसतं. अमेरिकन मिशन १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं, १८७० मध्ये प्रेस्बिटेरियनांकडे गेलं, १८७३ मध्ये घाट उतरून रत्नागिरीला आलं, आणि पुढे वेंगुर्ल्यात त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. आज सिंधुदुर्गात ख्रिस्ती म्हटलं की लोक कॅथलिक समजतात. त्यात चूकही नाही, २००५ पासून त्यांचा इथे स्वतंत्र धर्मप्रांत आहे. आम्ही प्रोटेस्टंट मूठभर.

आमचं जोडपं गोरं नव्हतं, नगरकडचं होतं. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले, काकी सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून सुटलेल्या. दोघांना पेन्शन. कोकणातल्या या मंडळीला पाळक मिळत नव्हता, तेव्हा "तीन वर्षं जाऊन बसतो" म्हणून आले आणि नऊ वर्षं राहिले. मास्तर दीक्षा घेतलेले पाळक नव्हेत, मानसेवी प्रचारक. उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) हे त्यांच्याकडे. प्रभुभोजनाला महिन्यातून एकदा घाटावरून पाळक यायचे.

आले तेव्हा गावाने त्यांना घाटी म्हणून जोखलं. काकींनी पहिल्या महिन्यात बांगड्याच्या तिकल्यात शेंगदाण्याचं कूट घातलं होतं, ते अजून सांगतात. नवव्या वर्षी त्याच काकी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, खरेदीला बाजारात कोणता सोडा (सुकी कोळंबी) जुना आणि कोणता नवा हे वासावरून सांगत होत्या.

फेब्रुवारीत मास्तरांची अँजिओप्लास्टी झाली. पुण्याच्या मुलाने हट्ट धरला. मृग लागायच्या आत घाट चढायचा असं ठरलं. म्हणजे एप्रिलचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा.

यापेक्षा वाईट मुहूर्त सापडला नसता. रजिस्टरवर कुटुंबं ४१, त्यांतली गावात राहणारी १७. बाकी मुंबईला. ती मे महिन्यात येतात आणि वर्षभराची धर्मकार्यं घेऊन येतात : बाप्तिस्मे, लग्न, वडिलांच्या कबरीवर क्रूस बसवणं, नव्या घरात प्रार्थना. शिवाय चर्चची कौलं पावसाआधी परतायची असतात. शिवाय आंबे, रातांबे. १ जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढून झाकायच्या, त्यामुळे गडीमाणूस मिळत नाही. अशा महिन्यात दोन म्हाताऱ्या माणसांनी संसार आवरायचा.

दुसऱ्या आठवड्यातली सभा

मी यादी घेऊन गेलो ती पंच कमिटीची सभा चर्चच्या पडवीत होती. मास्तर एकेक बाब वाचत होते, मी खूण करत होतो. चौदाव्या बाबीला, प्रभुभोजनाची भांडी, ते म्हणाले, "पेले चोवीस, ताट दोन, सुरई एक." काकी कोकम सरबत घेऊन बाहेर आल्या होत्या. ट्रे टेकवत म्हणाल्या, "भांडी दिलीत. रस कोण करणार?"

कोणी काही बोलेना. मग कमिटीतले एक वडील (मंडळीचे ज्येष्ठ पंच) म्हणाले, "रस? तो वेंगुर्ल्यासून बाटलीतना येता ना?"

काकी हसल्या. रस बाटलीतून कधीच आला नव्हता. काळ्या मनुका शनिवारी सकाळी भिजत घालायच्या, दुपारी त्याच पाण्यात उकळायच्या, निवल्या की हातानं कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. साखर घालायची नाही, मंडळीत मधुमेहवाले बरेच. पावसाळ्यात जेवढ्यास तेवढाच करायचा, दमट हवेत सोमवारपर्यंत आंबतो. नऊ वर्षं, महिन्यातून एकदा, म्हणजे शंभराच्या वर वेळा हे त्या स्वयंपाकघरात झालं होतं. त्या पडवीत बसलेल्या सहा पुरुषांनी, मी सातवा, तो रस तितक्याच वेळा घेतला होता.

माझ्या यादीत सुरई होती, तिच्यात काय भरायचं ते नव्हतं.

सभा झाल्यावर मी काकींना म्हटलं, तुम्ही आणखी काय काय करता ते सांगा. त्या म्हणाल्या, "मी काय करते? काही नाही." मग आत जाऊन एक डायरी घेऊन आल्या. औषध कंपन्या डॉक्टरांना फुकट वाटतात तसली, कधीच संपलेल्या वर्षाची, कडेला हळदीची बोटं. तारखांचा पत्ता नाही. पानापानावर माणसं.

एका पानावर : "मधली वाडी, आजी. इन्सुलिन सकाळी साडेसात. बाटली उघडली ता." आणि खाली एकाखाली एक तारखा, प्रत्येकीत २८ दिवसांचं अंतर. दुसऱ्या पानावर : "शिपायाचा पगार त्याच्या हातात नको, बायकोच्या." आणखी एक : "नाताळात फादरांना करंज्या. शवपेटीची गाडी त्यांची." शेजारच्या कॅथलिक चर्चची गाडी आमच्या दफनांना येते हे मला माहीत होतं. ती करंज्यांवर येते हे त्या दिवशी कळलं. अधूनमधून अशीही पानं होती, की दोन ओळी वाचून मी डायरी मिटली. कोणाची सून कोणाशी बोलत नाही आणि का, कोणाचा मुलगा मुंबईत नक्की काय करतो, कोणी रात्री येऊन काय सांगितलं.

नवी पाळकीणबाई

तिसऱ्या आठवड्यात नवे पाळक बायकोला घेऊन जागा पाहायला आले. दोघंही तिशीतले. मंडळीला प्रथमच दीक्षा घेतलेला, पगारी पाळक मिळत होता, त्यामुळे लोक खूश. बाई कुडाळला माध्यमिक शाळेत शिक्षिका. काकींनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून घावणे खायला घातले आणि डायरीतली कामं एकेक करून सांगितली. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकी, खरं सांगते. मी सकाळी साडेसहाची एसटी पकडणार, घरी यायला संध्याकाळचे साडेसहा. यातलं मला काही जमायचं नाही. आणि जमण्यासारखं असतं तरी मी घेतलं नसतं. पाळक हे झालेत, मी नाही."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सतरा घरांत पोचली. पाळकीणबाई असं बोलते म्हणजे काय, वगैरे. खोटं कशाला बोलू, माझ्याही कपाळाला आठी पडली होती. आठी घालवली ती काकींनीच. म्हणाल्या, "बरोबर बोलली पोर. मला पेन्शन होती म्हणून मी फुकट केलं. तिची नोकरी चालू आहे. फुकट कामाचा चार्ज देता येत नाही, भाऊ."

कमिटीसमोर तीन वाटा होत्या. बाईंवर दडपण आणायचं. दोघा वडिलांचा कल तिकडेच होता. मोबदला देऊन कोणी बाई नेमायची; वर्गणी आणि दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) मिळून पाळकाचा पगार, वीज आणि डागडुजी जेमतेम निघते, तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतं. किंवा कामाचे तुकडे करून वाटायचे. तिसरी वाट घेतली, आणि काकींची उरलेली तीन आठवड्यांची धावपळ ही त्या वाटपाची आहे. लोकांना वाटत होतं त्या सामान बांधताहेत.

रस गेला एका होमस्टेवर स्वयंपाक करणाऱ्या पोराकडे. पुरुषाने प्रभुभोजनाचा रस करायचा यावर थोडी कुजबुज झाली. काकी म्हणाल्या, "पहिल्या भोजनाला कोण बाई होती स्वयंपाकाला, दाखवा." फुलं आणि वेदीवरचं वस्त्र महिला मंडळाने घेतलं, आणि घेतलं म्हणजे कोणी एकीने घेतलं नाही. ते पुढे येईलच.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला इन्सुलिनने. आजी ऐंशीच्या घरातल्या, दिसत कमी. घरात दहावीची परीक्षा दिलेला नातू. काकी त्याला रोज साडेसातला सोबत घेऊन बसत. पहिला आठवडा त्याने फक्त पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात मोसंब्यात साधं पाणी टोचलं. मी एका सकाळी तिथे होतो. काकींनी दोन सिरिंज त्याच्यापुढे ठेवल्या, एक लाल टोपणाची, एक केशरी.

"आजीची बाटली कितीची?"

"चाळीसची."

"मग?"

त्याने लाल उचलली. काकींनी ती काढून घेतली, दोन्ही पाठीमागे नेऊन परत ठेवल्या आणि पुन्हा विचारलं. असं पाच वेळा. चाळीसच्या बाटलीला लाल, शंभरच्या बाटलीला केशरी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटीने चुकते, आणि औषधाच्या दुकानात घाईत कोणीही काहीही हातात देतं. मग वीज गेल्यावर बाटली कुठे ठेवायची ते : मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डब्यात बाटली, वर ओलं फडकं. कोकणात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, आणि नातवाला फ्रीज म्हणजे फ्रीज एवढंच माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात त्याने आजीला टोचलं. आजी म्हणाल्या, "ह्याचो हात काकीपरास हलको आसा." काकींना ते थोडं लागलं असावं. त्यांनी डायरीत त्या पानावर काट मारली.

जळलेली पानं

डायरी नव्या पाळकांना द्यावी असं मास्तरांचं मत होतं. माझंही. नवा माणूस आंधळेपणाने एखाद्या घरात जाऊन नको ते बोलून बसेल, त्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी काकी न्हाणीघराच्या चुलीपुढे बसून डायरीतली पानं फाडत होत्या. मोजली नाहीत, दहा-बारा असतील.

मास्तर म्हणाले, "अगं, पुढच्याला उपयोग झाला असता."

"अहो, त्यांनी मला सांगितलंय. माझ्या खुर्चीला नाही."

उरलेली डायरी, औषधांची, तारखांची, गाडीवाल्यांच्या नंबरांची, त्यांनी कमिटीला दिली. यावर माझं आणि मास्तरांचं पुढे फोनवर बरंच बोलणं झालं. मास्तर आता काकींच्या बाजूचे झालेत. मी अजून पुरता नाही. पण माझ्या नावाचं एक पान त्यात असतं तर मला काय वाटलं असतं, हा प्रश्न मी टाळतो आहे हेही कबूल करतो.

मास्तरांची बाजू

मास्तरही रिकामे बसले नव्हते. दफनभूमीचा नकाशा हे त्यांचं सगळ्यांत मोठं काम, आणि तेही माझ्या यादीत नव्हतं. रजिस्टरमध्ये नाव आणि तारीख असते, जागा नसते. अर्ध्या कबरींवर नुसता एक जांभ्याचा चिरा उभा, अक्षर नाही. कोण कुठे हे मास्तरांना आणि जुन्या खोदणाऱ्या म्हाताऱ्याला तोंडपाठ होतं. दोन सकाळी टेप, वहीचा चौकटीचा कागद आणि म्हातारा घेऊन मास्तर उन्हात उभे राहिले, छातीत स्टेंट असताना. मी छत्री धरली होती. एका चिऱ्यावर दोन घरांचा दावा निघाला. दोन्हीकडचे आजोबा एकाच साली, आठ दिवसांच्या अंतराने गेलेले. मास्तरांनी त्या चौकटीत दोन्ही नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दोन्ही घरांना ते चाललं.

लग्नही झालं त्याच धांदलीत. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ते अधिकृत पाळकाने लावायचं आणि, खास परवानगीचे अपवाद सोडले तर, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात. पाळक आंबोली घाटात अडकले, नवऱ्या मुलाची मामी पार्लरमध्ये अडकली. सही झाली तेव्हा सातला दहा कमी होते. मास्तर घड्याळाखाली उभे होते, हसत नव्हते.

बँकेचं मात्र माझ्याकडून चुकलं. खात्यावर सह्या करणाऱ्यांची नावं बदलायचा अर्ज मी शेवटच्या पंधरवड्यात काढला. पॅन कार्डावर "ख्रिस्ती मंडळी", पासबुकावर "चर्च", म्हणून शाखेने तो परत केला. तीन खेपा झाल्या. छत्तीस वर्षं याच कारणासाठी मी लोकांचे अर्ज परत केले होते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? मास्तर न्यासाचे विश्वस्त होते. विश्वस्त बदलला की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो निदान वेळेत गेला. यादीत मी आता एक ओळ घातली आहे : सह्यांचा बदल निदान दोन महिने आधी सुरू करावा.

जेवणं. सतरा घरं आणि मुंबईहून आलेली वर, प्रत्येकाला जोडपं एकदा जेवायला हवं. "फक्त कोरा चहा" असा काकींचा नियम दोन दिवस टिकला. एका रात्री मास्तरांच्या छातीत कळ आली, रिक्षाने कुडाळला नेलं, इसीजी निघाला, गॅस ठरला. कमिटीने एकच सामायिक जेवण ठेवायला हवं होतं. प्रेमाने माणूस मारायचा प्रकार होता हा, आणि कमिटीने तो होऊ दिला.

निरोपाच्या दिवशी उपासनेनंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद झालं, हार झाले, शाल झाली. मग शेजारचे आबा उभे राहिले. हिंदू, सत्तरीचे, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे. ते मास्तरांच्या पडवीत रोज संध्याकाळी पेपर वाचायला यायचे. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं :

"बा देवा म्हाराजा! ही दोगां म्हातारी आज घाटावर जातत रे म्हाराजा!"

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा!"

"तेंची वाट नीट कर, घाटात गाडी सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी अख्खं चर्च. नवे पाळक आधी जरा बावचळले, तिसऱ्या ओळीला तेही म्हणाले.

टेम्पोत सामान कमी आणि आगळाच्या (कोकमाच्या घट्ट रसाच्या) बाटल्या जास्त होत्या. मास्तरांनी वेंगुर्ला-७ जातीचं काजूचं एक कलम मांडीवर घेतलं. नगरच्या हवेत ते जगणार नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

ऑगस्टमधली भेट

दोन महिन्यांनी मी तपासणीला गेलो. रस चालू होता. नातू इन्सुलिन चुकवत नव्हता, बाटलीवर तारीख होती. जुलैत एक मयत झाली, नकाशा कामाला आला. गाडीसाठी कोणाला फोन करायचा हे मात्र घरच्यांना आठवेना, कमिटीतल्या कोणालाही डायरी उघडायचं सुचलं नाही, आणि शेवटी फादरांनी बातमी ऐकून आपणहून गाडी पाठवली. फुलं बंद झाली होती. महिला मंडळातली प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवत होती. नव्या पाळकीणबाईंनी, कोणी न सांगता, रविवारी दुपारी दहावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग सुरू केला होता. पण त्यांच्याबद्दलची कुरकुर अजून थांबलेली नव्हती.

खरी अडचण पाळकांनी मला बाजूला घेऊन सांगितली. काकी नगरहून रोज रात्री आठला फोन करतात. आजीला, शिपायाच्या बायकोला, आणखी चार-पाच घरांत. मंडळीत काय बिघडलं आहे हे पाळकांना नगरहून कळतं. "त्यांना थांबा म्हणायचं कसं?" ते म्हणाले. "आणि थांबल्या तर आजी कोणाशी बोलणार?"

मी त्यांना पुढच्या सभेत विषय घ्यायला सांगितलं. विषयपत्रिकेत तो सातवा आहे. सहावा विषय रस करणाऱ्या पोराचा : मनुकांचे पैसे कुठल्या खात्यातून मिळतील, त्याने विचारलं आहे. मागच्या वर्षी किती खर्च पडले होते ते पाहावं म्हणून मी रोकडवही काढली. मग त्याच्या मागच्या वर्षाची. नऊही वर्षांच्या वह्या चाळल्या. मनुकांची एकही नोंद नाही.